ठिपके सोपे, रेषा अवघड

बोस्टनला नेटवर्क सायन्स, म्हणजे जाळ्यांचं शास्त्र, शिकतेय असं सांगितलं की गावाकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलचे टॉवर येतात. टॉवर आमच्या विषयात आहेतच, शिवाय मेंदूतल्या चेतापेशी आहेत, विमानतळ आहेत, साथीचे रोग आहेत आणि शेजारच्या घरून उसनं रॉकेल आणणारी कर्नाटकातली कुटुंबंही आहेत. या सगळ्यांना एका वर्गात आणणारी कल्पना साधी आहे: ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. गणितज्ञ ऑयलरने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?) सोडवून दाखवलं, तेव्हा त्याने जमिनीचे तुकडे आणि पूल एवढंच ठेवलं, बाकीचं शहर पुसून टाकलं. तिथून हे गणित सुरू झालं.

मला या विषयाकडे ओढलं ते डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्या १९९८ सालच्या लेखाने. जेमतेम तीन पानांचा लेख, आणि त्यात तीन जाळी शेजारी शेजारी मांडलेली: सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या चेतापेशी, पश्चिम अमेरिकेची विजेची ग्रिड आणि एकाच सिनेमात काम केलेले नट. तिन्हींची ठेवण सारखीच निघाली. बहुतेक दुवे जवळच्या जवळ, पण थोडे लांबचे असल्यामुळे कुठूनही कुठेही मोजक्या टप्प्यांत पोचता येतं. पुण्यात संख्याशास्त्र शिकताना मी तो वाचला आणि पुढे काय करायचं ते तेव्हाच ठरलं.

इथे आल्यावर त्याच लेखावर वर्गात चर्चा झाली. जीवशास्त्रातून आलेली माझी एक मैत्रीण तावातावाने बोलायला उठली. कृमीच्या चेतापेशींत काही जोड एकाच दिशेने संदेश नेतात, काही दोन्ही दिशांनी. त्या लेखात सगळ्या रेषा सारख्याच धरल्यात, दिशा नाही की जोर नाही. भौतिकशास्त्रवाल्यांचं म्हणणं, दिशा पुसली म्हणून तर तिन्ही जाळ्यांतलं साम्य दिसलं. दोघांचंही खरं होतं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं होत गेलंय की आमच्या विषयातलं खरं काम रेषेपाशी असतं. ठिपका कोण ते पटकन ठरतं. रेषा कशाला म्हणायचं हे मात्र त्या त्या विषयात मुरलेल्या माणसालाच सांगता येतं.

साथीच्या रोगांचंच घ्या. इथल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले अलेस्सांद्रो वेस्पिन्यानी आणि त्यांचे सहकारी विमानतळांमधल्या प्रवाशांच्या संख्येवरून रोगाचा प्रसार मांडतात. २३ जानेवारी २०२० रोजी वुहानची वाहतूक थांबवली गेली. त्यांच्या हिशोबाप्रमाणे त्यामुळे चीनमध्ये इतरत्र साथ ३ ते ५ दिवसच लांबली, पण चीनबाहेर पोचणारे रुग्ण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास ८० टक्क्यांनी घटले. तिथे रेषा म्हणजे प्रवासी, आणि ती मोजता येते.

खेड्यात काय मोजायचं? अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांत घरोघरी विचारणा केली. तुम्ही कोणाच्या घरी जाता-येता? तांदूळ किंवा रॉकेल लागलं तर कोणाकडून उसनं आणता? अडीअडचणीला पैसे कोण देतं? देवळात कोणाबरोबर जाता? दुखलं-खुपलं तर मदतीला कोणाला बोलावता? त्यांतल्या ४३ गावांत नंतर छोटी कर्जं देणारी संस्था आली. तिने आधी शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख अशांना माहिती दिली. ही मंडळी गावाच्या जाळ्यात जितकी मध्यवर्ती, तितकं कर्ज घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त, असं २०१३ साली त्यांनी दाखवून दिलं.

ती प्रश्नावली पडद्यावर आली तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांना रॉकेलचा प्रश्न किरकोळ वाटला. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पैसे माणूस सावकाराकडूनही घेतो. वाटीभर तांदूळ मागायला मात्र ज्या दारात संकोच वाटत नाही, तिथेच जातो. असा प्रश्न संगणकासमोर बसून सुचत नाही.

आणि इथे मला इरावती कर्वे आठवतात. डेक्कन कॉलेजमध्ये काम करणाऱ्या इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेची मांडणी केली. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर, बहुधा लांबच्या गावी द्यायची. दक्षिणेत मामाच्या मुलीशी किंवा भाचीशीही लग्न होतं, म्हणजे जुनंच नातं पुन्हा घट्ट होतं. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, दोन्हीकडचं थोडंथोडं घेणारा. आमच्या भाषेत सांगायचं तर एका पद्धतीत लांबचे दुवे वाढतात, दुसरीत जवळच्यांचा गठ्ठा घट्ट होतो. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी ज्या दोन टोकांमधली जागा मोजली, ती टोकं बाईंनी ४५ वर्षं आधी लग्नाच्या रीतींत दाखवली होती. त्यांचं नाव आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी वर्गात हे मांडलं तेव्हा जीवशास्त्रवाल्या मैत्रिणीने लगेच विचारलं, इथेही रेषेला दिशा असणार ना? असते. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरी जाते.

आता मला हे मोजून पाहायचंय आणि त्यासाठी मराठीत एक मोठा साठा पडून आहे: छापलेले कुलवृत्तांत. त्यांत पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या असतात, आणि अनेकांत सुनांची माहेरची नावं आणि गावंही. अडचण उघड आहे. असे ग्रंथ लिहून छापणारी घराणी मुख्यतः काही थोड्या जातींतली, त्यामुळे त्यांतून निघणारं जाळं सगळ्या महाराष्ट्राचं म्हणता येणार नाही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत याहून बऱ्याच जातींच्या नोंदी आहेत, पण त्या पाहायला तिथे जाऊन बसायला हवं आणि त्यांची परवानगी हवी.

पुढच्या उन्हाळ्यात त्र्यंबकेश्वरपासून सुरुवात करायचा विचार आहे. तोवर, तुमच्या घरी एखादा जुना कुलवृत्तांत असेल तर उघडून एवढंच बघा: लेकींची सासरं आणि सुनांची माहेरं गावासकट दिली आहेत का? दिली असतील तर कोणतं घराणं आणि कोणत्या सालची आवृत्ती, तेवढं मला कळवा.