वैमानिकाने पाहिलेले आणि वैमानिकाने मानलेले

घाटकोपर पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून दिवेलागणीनंतर पूर्वेकडे पाहिले, की ठाण्याच्या खाडीच्या वर दोन-तीन तेजस्वी ठिपके एकावर एक टांगल्यासारखे दिसतात. ती मुंबई विमानतळावर उतरायला आलेली विमाने असतात, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही त्यांच्या दिव्यांचा झोत थेट आपल्या रोखाने असल्यामुळे ती बराच वेळ जागची हलतच नाहीत आणि मग एकाएकी त्या ठिपक्यांना पंख फुटून विमान डोक्यावरून गर्जत निघून जाते. आमच्याच इमारतीत राहणारे एक काका हवाई दलाच्या रडार केंद्रावर नोकरी करून निवृत्त झाले आहेत. कोणी ‘ते बघा विमान’ म्हणाले, की ते शांतपणे विचारतात, “विमान पाहिलंस, की दिवा पाहिलास?” उडत्या तबकड्यांविषयी गेली काही वर्षे मी जे वाचत आलो आहे, त्यात मला सर्वाधिक उपयोग या एका प्रश्नाचा झाला.

लष्करी वैमानिकाची साक्ष म्हटली की आपण सहसा वाद थांबवतो. प्रशिक्षित डोळे, हजारो तासांचे उड्डाण, खोटे बोलण्याचे कारण नाही, मग शंका कशाला, असा आपला युक्तिवाद असतो. त्यातील खोटे न बोलण्याचा भाग मी सहज मान्य करतो. बाकीचा भाग मान्य करताना मला दर वेळी कॅप्टन थॉमस मँटेल आठवतात.

7 जानेवारी 1948 रोजी दुपारी अमेरिकेतील केंटकी राज्यात आकाशात काहीतरी गोल, पांढरट वस्तू दिसत असल्याचे निरोप येऊ लागले आणि फोर्ट नॉक्स येथील गॉडमन धावपट्टीच्या नियंत्रण मनोऱ्यातील कर्मचाऱ्यांनाही ती दिसली. नेमक्या त्याच वेळी नॅशनल गार्ड या राखीव दलाची चार मस्टँग लढाऊ विमाने तेथून जात होती. तुकडीचे नेतृत्व 25 वर्षांच्या मँटेल यांच्याकडे होते; दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नॉर्मंडीच्या मोहिमेत उड्डाण केले होते आणि त्यासाठी त्यांना पदकही मिळाले होते. मनोऱ्याने त्यांना ती वस्तू जवळून पाहण्याची विनंती केली. एक विमान आपल्या मार्गाने पुढे गेले आणि उरलेल्या तिघांनी चढाई सुरू केली. मुळात ही कमी उंचीची साधी फेरी असल्याने प्राणवायूची पुरेशी सोय बरोबर नव्हती, आणि 14,000 फुटांच्या वर प्राणवायूशिवाय जाऊ नये असा नियम होता. सुमारे 22,000 फुटांवर दोन्ही साथीदार मागे फिरले. मँटेल मात्र चढत राहिले.

ती वस्तू धातूची असावी आणि आकाराने प्रचंड आहे, असे त्यांनी रेडिओवर सांगितल्याचे नोंदले गेले आहे. मनोऱ्यातील लोकांना त्यांचे नेमके शब्द पुढे वेगवेगळे आठवत होते, ही गोष्टही येथे नोंदवायला हवी. 25,000 फुटांवर प्राणवायूविना माणसाची शुद्ध जेमतेम तीन ते पाच मिनिटे कामाची राहते, आणि आपली शुद्ध हरपत चालली आहे हे कळण्याची शक्तीच त्यात आधी जाते. मँटेल बेशुद्ध झाले असावेत. विमान कोसळून फ्रँकलिन गावाजवळच्या एका शेतात पडले. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ 3 वाजून 18 मिनिटांनी थांबलेले होते.

हवाई दलाने आधी सांगितले की, मँटेल शुक्राचा पाठलाग करत होते. शुक्र त्या दिवशी साधारण त्याच दिशेला होता, हे खरे. पण भर दुपारी धूसर आकाशात तो इतक्या लोकांना इतका ठळक दिसेल, हे कोणालाच पटले नाही आणि पुढे हवाई दलालाही पटले नाही. (एरवी शुक्राला हसण्यात अर्थ नाही. 2012-13 च्या हिवाळ्यात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी ज्या ‘ड्रोन’च्या शेकडो नोंदी केल्या, ते गुरू आणि शुक्र असल्याचे भारतीय तारा भौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते.) आज सर्वांत सयुक्तिक मानले जाणारे उत्तर ‘स्कायहुक’ हे आहे. अमेरिकी नौदलाचे हे प्लॅस्टिकचे महाकाय फुगे सुमारे 100 फूट व्यासाचे असत आणि 60,000 फुटांच्याही वर जात. प्रकल्प गुप्त असल्याने मनोऱ्यातील कर्मचाऱ्यांना किंवा मँटेल यांना असा फुगा अस्तित्वात आहे याची कल्पनाच नव्हती. त्याच दिवशी दुपारनंतर नॅशव्हिल येथून दुर्बिणीने आकाश पाहणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेफर्ट यांनी नासपतीच्या आकाराचा, खाली दोर आणि टोपली लोंबणारा फुगा पाहिल्याचे सांगितले होते. मात्र उडत्या तबकड्यांची चौकशी करणाऱ्या हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पाचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनी पुढे जुने कागद धुंडाळले, तेव्हा फुगा सोडल्याची पक्की नोंद त्यांना मिळाली नाही.

अशा फुग्यांशी मुंबईचाही संबंध आहे. 1948 मध्ये स्कायहुकच्या जातीच्याच फुग्यांतून वर पाठवलेल्या उपकरणांनी विश्वकिरणांमध्ये, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांमध्ये, जड अणुकेंद्रके असल्याचे दाखवले, आणि त्या शोधात सहभागी असलेले बर्नार्ड पीटर्स काही वर्षांतच होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. कुलाब्याच्या या संस्थेचे फुगे आजही हैदराबादहून सोडले जातात. उपकरणांची पेटी हवाई छत्रीसह शेतात उतरली तर ती उघडू नये, अशी सूचना लोकांना दिली जाते.

आता मँटेल यांच्या ‘प्रचंड’ या शब्दाकडे पुन्हा पाहावे. 100 मीटर रुंदीची वस्तू 60 किलोमीटरवर जेवढी दिसते, तेवढीच 10 मीटरची वस्तू 6 किलोमीटरवर दिसते. दोन डोळ्यांच्या मदतीने अंतर ओळखण्याची आपली क्षमता काही शे मीटरच्या पुढे फारशी उरत नाही; त्यापुढे आपण झाड, घर, ओळखीचे विमान यांच्याशी तुलना करून अंदाज बांधतो. मोकळ्या आकाशात अनोळखी वस्तूशेजारी तुलनेला काहीच नसते, आणि अंतर चुकले की आकार चुकतो, वेगही चुकतो. तो प्रशिक्षणाचा दोष नाही. दिशा, रंग, प्रकाश आणि बाह्याकृती या गोष्टी वैमानिक पाहतो. आकार, अंतर आणि वेग तो मानतो, आणि अहवालात सगळे एकाच ओळीत उतरते.

यंत्रांनाही हा मोह सुटत नाही. ‘गो फास्ट’ नावाच्या लष्करी चित्रफितीत एक ठिपका समुद्राला खेटून सुसाट जाताना दिसतो. 2023 मध्ये नासाच्या अभ्यासगटाने पडद्यावरच्याच आकड्यांवरून गणित मांडले, तेव्हा ती वस्तू सुमारे 13,000 फुटांवर निघाली आणि तिचा वेग ताशी 40 मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्यावर वाहत जाण्याइतकाच निघाला. धावत होते ते चित्रीकरण करणारे विमान.

अमेरिकी नौदलाचे वैमानिक कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांचे प्रकरण एवढ्यावर मिटत नाही. 14 नोव्हेंबर 2004 रोजी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या दोन विमानांतील चौघांनी, खळबळणाऱ्या पाण्याच्या पट्ट्यावर फिरणारी, पंख नसलेली पांढरी लंबगोल वस्तू पाहिली. फ्रेव्हर खाली उतरू लागताच ती वर येऊ लागली आणि मग दिसेनाशी झाली. तिची लांबी सुमारे 40 फूट असावी, असे त्यांनी 2023 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढेही शपथेवर सांगितले.

मागच्या रविवारी गच्चीवर मी काकांना हे सगळे वाचून दाखवले आणि 40 फूट हा आकडा ‘मानलेले’ या बाजूला टाकला. काकांनी तो लगेच उचलून ‘पाहिलेले’च्या बाजूला ठेवला. खाली समुद्र होता, पाणी खळबळत होते, म्हणजे तुलनेला काहीतरी होते, असे त्यांचे म्हणणे. लाटेचा आकारही वरून अंदाजानेच कळतो, असे माझे. जेवायला खालून हाक येईपर्यंत आमचे एकमत झाले नव्हते.