आधी चालू, मग बदल: जुनी मोटारसायकल घरी उभी करताना

जुनी मोटारसायकल घरी आणली की पहिला वाद स्वतःशीच होतो: ती कारखान्यातून निघाली तशी करायची, की आपल्या मनासारखी घडवायची? मी घेतलेली होंडा सीबी ३५० हे १९६८ ते १९७३ या काळात बनलेले, ३२५ सीसीचे, दोन सिलिंडरांचे मॉडेल आहे आणि त्याचा कॅफे रेसर (खालचे हँडल आणि सपाट सीट असलेली, शर्यतीच्या धाटणीची गाडी) करून टाकण्याचा मोह जुनाच आहे. मी मात्र गाडी मूळ अवस्थेत नीट चालू लागेपर्यंत हा वाद तहकूब ठेवला आहे. त्यामागे भावना नाही, साधा हिशेब आहे. गाडीत आधीपासून असलेला दोष आणि आपल्या बदलांमुळे उद्भवलेला दोष एकमेकांत मिसळले, की कोणता कशामुळे हे शोधण्यातच उत्साह संपतो आणि सुटे भाग खोक्यांत जाऊन बसतात.

म्हणून सुरुवात रंगापासून नव्हे, इंजिनापासून केली. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नये, कारण पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर त्या झटक्यात तुटू शकतात. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत गंज सोडवणारे पातळ तेल ओतावे, ते मुरू द्यावे आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढेमागे करून पाहावे. इंजिन हलले नाही, तर पुन्हा तेल आणि पुन्हा प्रतीक्षा. हातोडीचा मार्ग मोकळाच असतो, पण तो नव्या पिस्टनपर्यंत नेतो.

इंजिन मोकळे झाले तरी ते लगेच चालू करणे मला मान्य नाही. या मॉडेलचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बॉल बेअरिंगवर नव्हे, तर थेट ॲल्युमिनियमच्या आधारांत फिरतो, त्यामुळे तेथे तेल पोहोचले नाही तर तो भागच खराब होतो. यात कागदी ऑइल फिल्टर नसून, फिरण्याच्या वेगाने गाळ बाजूला फेकणारी एक वाटी उजव्या बाजूच्या झाकणाआड असते. केवळ तेल बदलून ही वाटी साफ होत नाही. झाकण उघडून आतला गाळ खरवडून काढावाच लागतो. झाकणाचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले, तरी ते जेआयएस या जपानी औद्योगिक प्रमाणाचे आहेत आणि साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यातून निसटून डोकी गोल करून टाकतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर ही या प्रकल्पातली सर्वांत किफायतशीर खरेदी म्हणावी लागेल. त्यानंतर थंड इंजिनावर टॅपेटमधील (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातील) फट इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर, तर पॉइंटमधील (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कातील) फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवायची.

टाकीतला गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून काढता येतो. मात्र प्रवाहाचे दुसरे टोक म्हणून त्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा बुडवू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते; साधे लोखंड पुरते. प्रवाह सुटताना निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम उघड्यावरच करावे. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता बदलांविषयी. हौशी लोक सर्वांत आधी मूळ एअर बॉक्स (हवा गाळून आत घेणारी पेटी) काढून थेट कार्ब्युरेटरवर बसणारे उघडे पॉड फिल्टर लावतात आणि नेमके तेच माझ्या यादीत शेवटी आहे. या गाडीचे सीव्ही प्रकारचे कार्ब्युरेटर हवेची वाट उघडणारी स्लाइड आतल्या दाबातील फरकाने उचलतात. एअर बॉक्समधून येणारा संथ प्रवाह बिघडला की मधल्या वेगावर इंजिन अडखळते आणि जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक छिद्रे) बदलण्याचा खेळ सुरू होतो. सपाट सीटसाठी चासीचा मागचा भाग कापणे तर त्याहून गंभीर, कारण कापलेली चासी पूर्ववत करणे कठीण असते आणि अशा फेरफाराची नोंद व परवानगी यांचे नियमही आधी पाहावे लागतात. त्यामुळे सध्या माझे बदल बोल्ट काढून परत फिरवता येतील इतकेच आहेत: खालचे हँडल, मूळ पायावरच बसणारी अरुंद सीट आणि लहान मडगार्ड. चासीला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) करायचे ठरलेच, तर त्याआधी कोरलेला चासी क्रमांक आणि अर्थिंगच्या, म्हणजे वायर चासीला जोडण्याच्या, जागा झाकून घ्यायच्या आहेत, कारण त्या जाड थराखाली क्रमांक वाचता येत नाही आणि अर्थिंग तुटले की वायरिंगमध्ये नसलेले दोष शोधत बसावे लागते.