फक्त नवीन वर्गणीदारांसाठी

परवा आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर बातमीच नव्हती. म्हणजे होती, पण ती सापडायला पान उलटावं लागलं. पुढचं अख्खं पान एका गोल डिशने अडवलं होतं. त्या डिशच्या पोटातून एक फुटबॉल, एक वाघ, रडणारी एक नायिका आणि बातम्या देणारा कोटातला माणूस असे सगळे एकदम बाहेर पडत होते. खाली ठसठशीत अक्षरं: वर्षाची वर्गणी भरा आणि उपग्रह वाहिन्यांची जोडणी फुकट मिळवा! डिश आमची, बॉक्स आमचा, पहिले सहा महिने निम्म्या दरात.

'फुकट' या शब्दाच्या डोक्यावर एक चांदणी होती. अशी चांदणी दिसली की नजर आपोआप पानाच्या तळाशी जाते, ही इतक्या वर्षांची सवय. तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अटी होत्या. मी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाला टेकवलं आणि वाचलं. सहा महिन्यांनंतर पूर्ण दर लागू. वर्ष संपायच्या आत जोडणी बंद केल्यास बॉक्सची किंमत वसूल केली जाईल. खेळांच्या वाहिन्या वेगळ्या. म्हणजे फुटबॉल गेला. वाघाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून कोंबावं तसं: ही योजना फक्त नवीन वर्गणीदारांसाठी.

मी हा पेपर बावीस वर्षं घेतोय.

बावीस वर्षांत मी त्याचं काय काय सोसलंय ते मलाच ठाऊक. शब्दकोड्यात आडव्या सातचा खुलासा उभ्या नऊला छापून येतो. राशिभविष्यात लागोपाठ दोन दिवस तोच मजकूर आला, आणि दोन्ही दिवस मला धनलाभ होता, तो झाला नाही. तरीही मी कधी पेपर बदलला नाही. आणि डिश कोणाला? तर ज्याने या पेपरचं तोंडही पाहिलं नाही, त्याला! अतिपरिचयात् अवज्ञा म्हणतात ती हीच. उद्या एखाद्याने 'मला तुमचा पेपर मुळीच आवडत नाही' असं कळवलं, तर त्याच्या दारात बहुधा बॉक्स, डिश आणि संपादक असे तिघं उभे राहतील.

राग ओसरल्यावर दुसरीच गंमत लक्षात आली. पेपरवाले टीव्ही वाटतायत! गेली कित्येक वर्षं सगळे म्हणतायत की टीव्हीने पेपर खाल्ला. संध्याकाळी माणूस पडद्यापुढे बसतो आणि सकाळी त्याच्यासाठी नवी बातमी उरत नाही. आणि आता पेपरच सांगतोय, ये बाबा, माझी वर्गणी भर, मी तुला टीव्ही बसवून देतो. सवतीला आपल्याच हाताने पाटावर बसवून ओवाळावं, तसं झालं हे.

अर्थात वाचकाला काहीतरी देऊन गळाला लावायचं, ही खोड फार जुनी. लंडनच्या 'टिट-बिट्स' साप्ताहिकाने १८८३ साली एका स्पर्धेचं बक्षीस म्हणून चक्क राहतं घर देऊन टाकलं होतं. पुढे त्यांनी रेल्वे अपघाताचा विमाही काढला. अपघातात दगावलेल्या माणसाजवळ चालू अंक सापडला की त्याच्या वारसाला शंभर पौंड. मला त्या काळचे प्रवासी डोळ्यांपुढे येतात. गाडीत चढण्याआधी खिसा चाचपून पाहणारे. अंक वाचलाय की नाही याला काही महत्त्व नाही, तो अंगावर असला म्हणजे झालं. मालक जॉर्ज न्यून्स यांना वाचक किती मिळाले कोण जाणे, खिसे मात्र भरपूर मिळाले असणार.

त्यावर कडी झाली ती १९३० नंतर. 'डेली हेरल्ड', 'डेली एक्सप्रेस', 'डेली मेल' वगैरे मंडळींनी दारोदार माणसं पाठवली. काही आठवडे आमचा पेपर घ्या आणि कॅमेरा घ्या, फाउंटन पेन घ्या, रेशमी मोजे घ्या. १९३३ साली तर डिकन्सचे सोळा खंड वाटण्यावरून जुंपली. 'हेरल्ड'चा खप त्याच वर्षी वीस लाखांवर गेला. त्यातल्या किती घरांत पेपर उघडला जात होता आणि किती घरांत नुसतेच मोजे वापरले जात होते, हा हिशोब कोणी ठेवलेला दिसत नाही.

बरं, एवढं सगळं वाटण्यापेक्षा सरळ पेपर स्वस्त का करत नाहीत? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर जाहिरातदारात आहे. जाहिरातीचा दर खपावर ठरतो आणि खप मोजायला त्रयस्थ संस्था असते. अमेरिकेत अशी संस्था १९१४ पासून आहे. तिथे बराच काळ नियम असा होता, की मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत दिलेला अंक विकलेला म्हणून धरायचा नाही. म्हणजे किंमत फार खाली आणली तर खप वाढूनही कागदावर वाढत नाही. त्यापेक्षा वर्गणी पूर्ण घ्या आणि वर काहीतरी हातात ठेवा. कढई द्या, घड्याळ द्या, डिश द्या. डिशमध्ये तर खिशातून फारसं काही जातही नाही. टीव्ही कंपनीला एक गिऱ्हाईक मिळवायला नाहीतरी खर्च करावाच लागतो, तो ती पेपरच्या पानावर करते. दोघं मिळून एकाच माशाला दोन गळ लावतात. मासा म्हणजे आपण. आणि आपण फॉर्मवर नाव, पत्ता, फोन, घरात माणसं किती, हे सगळं सुवाच्य अक्षरांत लिहून देतो.

काही ठिकाणी तर दोन्ही गळ एकाच हातात असतात. ब्रिटनमध्ये १९८९च्या ५ फेब्रुवारीला ॲस्ट्रा उपग्रहावरून चार वाहिन्या घेऊन स्काय टेलिव्हिजन सुरू झालं. त्याचे मालक तेव्हा रूपर्ट मरडॉक होते, आणि 'सन', 'टाइम्स', 'टुडे', 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे पेपरही तेव्हा त्यांचेच. मग काय, घरचीच डिश आणि घरचाच भोंगा. समोर बीएसबी नावाची दुसरी कंपनी होती. तिची डिश चौकोनी, दिसायला ऐटदार, तंत्रही पुढचं. पण 'सन'सारखा लाखोंच्या उंबरठ्यावर रोज पडणारा पेपर तिच्या हाताशी नव्हता. दोघीही पैसा पाण्यासारखा घालवत होत्या. शेवटी १९९०च्या नोव्हेंबरात दोघींनी एकत्र संसार थाटला आणि चौकोनी डिश निकालात निघाली. जिच्या मागे पेपर होता तिचं नाव टिकलं, हे मी बायकोला जरा अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या पेपरला सांगा ना, तुम्हालाही एक डिश द्यायला."

सांगितलं. म्हणजे फोन केला. आठ मिनिटं बासरी ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, ही ऑफर नवीन वर्गणीदारांसाठी आहे."

"अहो, पण मी बावीस वर्षं..."

"अभिनंदन सर!"

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. तिला माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाली, "सर, घरात दुसरं कोणी आहे का?"

अशा रीतीने आमची ही, जिने उभ्या आयुष्यात पेपरच्या शेवटच्या पानापलीकडे काही वाचलं नाही, ती नवीन वर्गणीदार झाली. माझी वर्गणी महिनाअखेर बंद करायची आणि तिची एक तारखेपासून सुरू करायची, असं ठरलं. तिची ठरल्याप्रमाणे सुरू झाली. माझी बंद झाली नाही. एक तारखेपासून दारात एकाच पेपरचे दोन अंक पडायला लागले. पेपर टाकणाऱ्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "काका, माझ्या यादीत दोन नावं आहेत." यादीपुढे त्याचं काय आणि माझं काय चालणार!

डिश मात्र आठवड्यात आली. ती बसवायला आलेला मुलगा पिशवीतून होकायंत्र आणि बीप वाजवणारं एक छोटं यंत्र काढून गच्चीवर गेला. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा वाटतो, एवढं मला माहीत होतं. डिश त्याच्याकडे नेमकी वळवायची म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. गच्चीवर तो, जिन्यात मी, टीव्हीपुढे ही, अशी साखळी तयार झाली.

"काका, आलं का?"

"अगं, आलं का?"

"आलं! गेलं."

"गेलं रे!"

"आता?"

"आता ठिपके आलेत म्हणते."

एक अंश इकडेतिकडे झाला की वर आकाशात सहाशेहून जास्त किलोमीटर चुकतात, असं मी जिन्यात उभ्या उभ्या मनातल्या मनात गणित केलं. त्या मुलाने ते गणित न करता एक बोल्ट पाव फेरा पिळला आणि चित्र लख्ख आलं. वर जाऊन परत यायला त्या लहरीला जेमतेम पाव सेकंद लागतो. आम्हा तिघांचा एक निरोप वर जाऊन खाली यायला याहून बराच वेळ लागत होता.

चित्रात पहिल्यांदा काय दिसलं असेल? आमच्या पेपरची जाहिरात. 'सत्य वाचायची सवय लावा' वगैरे. पेपरात टीव्ही आणि टीव्हीत पेपर. समोरासमोर आरसे ठेवल्यावर होतं तसं मला क्षणभर झालं.

खरं सांगायचं तर दोघांचीही मला थोडी काळजीच वाटते. अमेरिकेत दैनिकांचा खप १९८४च्या सुमारास सहा कोटी तीस लाखांपर्यंत चढला होता, त्यानंतर तो उतरतच गेला. तिकडे स्कायने २०२१ साली डिशच लागत नाही असा टीव्ही काढला, नुसत्या इंटरनेटवर चालणारा. ज्याला लोक मोठा शत्रू समजत होते, तोच आता छपरावर एकटा आकाशाकडे तोंड करून बसलाय आणि त्याचीही गिऱ्हाइकं फोनवर मान घालून निघून चालली आहेत. बुडणारे दोघे एकमेकांना धरतात तशी ही ऑफर आहे, असं मला कधी कधी वाटतं. अर्थात दोघांपैकी एकानेही माझा हात धरलेला नाही. मी जुना वर्गणीदार.

ही मात्र बदलली. पहिल्या आठवड्यात तिने 'माझा पेपर कुठाय?' असं विचारलं, तेव्हा मी चेष्टा समजलो. पण ती खरंच आपला अंक वेगळा ठेवायला लागली. शब्दकोडं ती पेनने सोडवते, मी पेन्सिलने. मी तिच्या अंकात डोकावलो की ती पान आपल्याकडे वळवते. अग्रलेखही वाचते. परवा एका अग्रलेखावर 'यात मुद्दाच नाही' असा शेरा मारला, तो मी बावीस वर्षं मारतोय, पण तिच्या तोंडून तो ताजा वाटला. रात्री ती टीव्हीवर बातम्या लावते आणि सकाळी पेपरात काय राहून गेलं ते शोधते. पेपरवाल्यांनी डिश देऊन खरोखरच एक वाचक मिळवला, हे मला मान्य करावं लागतं.

गेल्या रविवारी पहाटेपासून पाऊस धो धो कोसळत होता. पेपर टाकणाऱ्या मुलाने प्लास्टिक गुंडाळलं होतं, पण एका टोकाला ते उघडं राहिलं आणि दोन्ही अंक तिथून पाणी पिऊन फुगले. म्हटलं, टीव्ही लावू. पडद्यावर निळा चौकोन आला: सिग्नल उपलब्ध नाही, कृपया प्रतीक्षा करा. या लहरी इतक्या आखूड असतात की दाट पावसाचे थेंबच त्या शोषून घेतात. छत्तीस हजार किलोमीटर न अडखळता आलेली वाहिनी शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या पावसात भिजून जाते. अगदी आमच्या पेपरसारखी.

मी टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या, पंखा लावला आणि एकेक पान सुटं करून त्यांच्या पाठींवर वाळत घातलं. ओल्या पानातून पलीकडची डिश अलीकडच्या अग्रलेखावर उमटली होती. तिचा अंक माझ्या अंकापेक्षा थोडा कमी भिजलेला होता. मी हळूच त्याचं पहिलं पान उचललं.

"ठेवा ते," ही आतून म्हणाली. "तुमचं वाळलं की वाचा."