बेशर दाम्पत्याच्या मागावर: रुरला जा, झीगनचा नकाशा विकत घेऊ नका

सरळ सांगते. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेशर यांनी फोटो काढलेल्या जागा बघायला जायचं असेल तर रुरपासून (पश्चिम जर्मनीतला खाणी-कारखान्यांचा पट्टा) सुरुवात करा, बर्न्डचं जन्मगाव झीगन शेवटी ठेवा, आणि 'बेशर ट्रेल' म्हणून कोणी पैसे मागितले तर अजिबात देऊ नका. आमच्याकडून एका फोटो-टूरवाल्याने ४५ युरो घेतले. त्या बदल्यात एक नकाशा आणि घरांची यादी मिळाली. 'अर्ध्या दिवसात आरामात चालून होईल' असंही त्याने ठासून सांगितलं होतं. यादीत गावांची नावं होती, रस्त्यांची नव्हती. त्याचे परिणाम पुढे लिहिते.

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्न्ड १९३१ साली झीगनमध्ये जन्मला, चित्रकलेकडून आलेला. हिला १९३४ ची, पोट्सडामची, फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण घेतलेली. १९५७ च्या सुमारास ड्युसेलडॉर्फमधल्या एका जाहिरात संस्थेत दोघं भेटली, १९५९ पासून एकत्र काम करू लागली आणि १९६१ मध्ये लग्न केलं. पुढची चार दशकं आणि वर दोघांनी मिळून एकच काम केलं: पाण्याच्या टाक्या, गॅसटाक्या, खाणींचे मनोरे, लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या, चुन्याच्या भट्ट्या, कूलिंग टॉवर. मोठा प्लेट कॅमेरा, कृष्णधवल फिल्म, आभाळ ढगाळ, समोरासमोरची चौकट, जमिनीपासून टोकापर्यंत अख्खी वस्तू आणि आसपास माणूस नाही. मग एका जातीचे नऊ, बारा, पंधरा फोटो जाळीसारखे भिंतीवर मांडायचे.

फोटो म्हणजे जाहिरातीसाठी किंवा नोंदीसाठी, असं कलाशाळांमध्ये सर्रास मानलं जायचं तो हा काळ. ज्यांना फोटोला कला म्हणायचं होतं ते गडद सावल्या आणि नाट्यमय कोनांच्या मागे लागलेले. या दोघांनी उलटं केलं. फोटो जितका कोरडा आणि काटेकोर करता येईल तितका केला, आणि नेमकं त्यामुळेच कलादालनांनी त्यांना आत घेतलं. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, नाव 'अनामिक शिल्पं'. १९७२ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, आणि त्याच वर्षी अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेने त्यांच्यावर लिहिलं. १९९० च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह पारितोषिक मिळालं, तोही शिल्पकलेसाठी. फोटो काढणाऱ्या नवराबायकोला शिल्पकलेचं पारितोषिक! त्यानंतर 'फोटो ही कला आहे का' हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरला नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता झीगन.

झीगनला जावंसं वाटतंच, कारण सगळं तिथे सुरू झालं. १९५७ मध्ये बर्न्ड जवळच्या आयझर्न गावातली आयझेनहार्टर टीफबाऊ ही लोखंडाची खाण चित्रात उतरवत होता. खाण मोडायला काढलेली, आणि त्याच्या पेन्सिलीपेक्षा मोडणाऱ्यांचा हात वेगात चालत होता. म्हणून त्याने कॅमेरा हातात घेतला. मग दोघांनी झीगन परिसरातली कामगारांची लाकडी चौकटींची घरं टिपली. काळे वासे, पांढऱ्या भिंती. ही घरं बहुतेक १८७० ते १९१४ च्या दरम्यानची. नक्षी नाही, कारण लोखंड गाळायच्या कोळशासाठी लाकूड वाचावं म्हणून १७९० च्या कायद्याने घरबांधणीतल्या लाकडावर मर्यादा घातली होती. म्हणजे आपल्याला जी भूमिती दिसते ती कायद्यातून आणि काटकसरीतून आलेली आहे. हे वाचल्यावर कुणाला तिथे जावंसं वाटणार नाही?

कोलोनहून रिजनल गाडीने झीगन दीडेक तासावर आहे. डॉइचलांड टिकट (देशभरातल्या लोकल आणि रिजनल गाड्यांचा मासिक पास) असेल तर वेगळा खर्च नाही. इथपर्यंत सगळं सोपं.

पुढे यादीत 'झाल्शेनडॉर्फ' असं गाव होतं. बेशरांच्या फोटोंखाली हे नाव खरंच येतं. पण झीगनच्या आसपास झाल्शेनडॉर्फ दोन आहेत! एक दक्षिणेला, नॉयनकिर्शन पंचक्रोशीत. दुसरं पूर्वेकडे, नेटफनच्या हद्दीत. यादीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि नकाशावरची खूण दोन्हींच्या अध्येमध्ये कुठेतरी. रविवार होता. गावाकडच्या बसेस रविवारी अगदी विरळ असतात, आमची बस आम्हाला खाली खोऱ्यात सोडून निघून गेली. तिथून वर जाणारा रस्ता वळणावळणाचा, फुटपाथ नाही, कडेला गवताची हातभर पट्टी आणि त्या पट्टीवरून तिरपं चालायचं. गाड्या शंभरच्या वेगाने अंगावरून जातात. पाठीवर कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड, आणि समोरून दुधाचा टँकर आला की ट्रायपॉड छातीशी धरून झुडपात शिरायचं. चढ संपला असं वाटावं तोवर पुढचं वळण. अर्ध्यावर नवरा थांबला, फोनवर बेशरांचा मूळ फोटो मोठा करून त्याखालची ओळ वाचली आणि म्हणाला, "अगं, यात रस्त्याचं नाव आहे. तो रस्ता टाक ना नकाशात." विकतच्या यादीत जे हवं होतं ते फुकटच्या फोटोखाली छापलेलं होतं.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या: बेशर प्रत्येक घराखाली रस्ता, घर क्रमांक, गाव आणि साल लिहीत. नकाशात शोधताना नुसतं गाव टाकू नका, रस्ता टाका. काआन-मारीनबोर्न आणि बिर्केन ही नावंही त्यांच्या फोटोंत येतात. तिथेही हाच नियम.

आणि घरं सापडली तरी काय दिसतं? उष्णता टिकावी म्हणून भिंतींवर चढवलेले थर, प्लॅस्टिकच्या चौकटींच्या खिडक्या, वाशांना तपकिरी रंग, दारात दोन गाड्या. काही घरं पाटीच्या दगडाने किंवा फळ्यांनी पूर्ण झाकलेली. एका घरापाशी मी बराच वेळ उभी होते. वरचा त्रिकोणी भाग तसाच होता, मधला उभा वासा, त्याच्या दोन बाजूंना तिरपे आधार, खाली आडव्या पट्ट्यांचे चौकोन. आणि पहिल्या मजल्याच्या खाली एकदम गुळगुळीत पिवळा गिलावा, मधेच उपग्रहवाहिनीची तबकडी. ते बघून वाईट वाटलं ते खरं, पण लोक तिथे राहतात. घर त्यांचं आहे. आवारात पाऊल टाकू नका, खिडकीत लेन्स रोखू नका, कोणी बाहेर आलं तर नमस्कार करून काय शोधताय ते सांगा.

झीगनमध्ये खालच्या राजवाड्याजवळच्या समकालीन कला संग्रहालयाच्या संग्रहात बेशरांचं काम आहे. भिंतीवर सध्या काय लावलंय ते आधी विचारा. माझं मत विचाराल तर: ते संग्रहालय आणि एक गाव, बस. फ्रॉयडेनबर्गचा तो प्रसिद्ध जुना भाग, १६६६ च्या आगीनंतर बांधलेला, काळ्यापांढऱ्या घरांच्या ओळींचा, तो पोस्टकार्डासारखा सुंदर आहे. जायचं तर जरूर जा, पण कामगारांची घरं शोधत असाल तर तो रस्ता वेगळा.

खायचं बरोबर ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. आमच्याकडे दशम्या होत्या म्हणून निभावलं.

कोलोनचा दिवस छान गेला. मीडियापार्कमधल्या फोटोग्राफिशे झामलुंग या फोटोसंग्रहालयात जुन्या पिढीतला जर्मन फोटोग्राफर आउगुस्ट झांडर याचा संग्रह आहे आणि बेशरांच्या कामाशी त्या संस्थेचं जुनं नातं आहे. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात ती बंद असते, तेवढं बघून जा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते: डॉर्टमुंडची त्सोलर्न ही जुनी कोळशाची खाण, आता संग्रहालय. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे जा. डॉर्टमुंडहून लोकल गाडीने ब्योव्हिंगहाउझन, पुढे थोडं चालणं. सोमवारी बंद.

या खाणीचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं यंत्रघर साठच्या दशकाच्या अखेरीस पाडायचं ठरलं होतं. गंजलेल्या खाणीला वारसा म्हणायची तेव्हा जर्मनीत पद्धत नव्हती. बेशरांनी तिचे फोटो काढले आणि ती वाचावी म्हणून धडपडलेल्यांमध्ये ते पुढे होते. १९६९ च्या अखेरीस यंत्रघराला संरक्षण मिळालं. फोटो कला आहे हे कलादालनाच्या भिंतीवर सिद्ध होतं, पण इथे त्याच नजरेने एक आख्खी इमारत उभी ठेवली. बेशरांच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, बक्षिसांपेक्षाही.

आत शिरताना दाराकडे बघा: लोखंडी चौकटीत रंगीत काच, वळणदार रेषा, कोणी देवळालाही करणार नाही इतक्या हौसेने केलेली. आत संगमरवराचा स्विचबोर्ड आहे, पांढऱ्या दगडात पितळी डायल बसवलेले. खाणीतली वीज वाटून देणारा फलक, आणि त्यासाठी संगमरवर! आम्ही बाहेर आलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं, सावल्या गेल्या होत्या, आणि उचलणीचा मनोरा राखाडी आभाळावर जसाच्या तसा, एकेक तुळई मोजता येईल असा उभा होता. मी ओरडलेच. त्या क्षणी कळलं की हे दोघं ढगांची का वाट बघायचे. ऊन असलं की सावली मधे बोलते आणि वस्तू गप्प होते.

म्हणून हंगामाबद्दल: माहितीपत्रकं 'उन्हाळ्यात या' म्हणतात. ऐकू नका. पानं गळल्यानंतर किंवा पालवी फुटायच्या आधी जा, ढगाळ दिवशी, सकाळी लवकर. आम्ही जूनमध्ये गेलो आणि त्सोलर्न सोडलं तर सगळीकडे कडक ऊन. फोटो म्हणून घरी आणण्यासारखं थोडंच हाती लागलं.

डुइसबुर्गचं लांडशाफ्ट्सपार्क फुकट आहे, ट्राम ९०३ थेट जाते. १९८५ मध्ये बंद झालेला लोखंडाचा कारखाना. पाच नंबरच्या झोतभट्टीवर चढता येतं. पायऱ्या जाळीच्या, खालचं सगळं दिसतं, पावसात निसरड्या. गुडघे ठीक असतील तर चढाच, पण टोकापर्यंत घाई करू नका. मधल्या कुठल्यातरी मजल्यावर थांबून शेजारच्या भट्टीकडे बघा. बेशर शिड्या लावून, छपरांवर चढून हीच उंची गाठायचे, वस्तूच्या साधारण मध्यावर, म्हणजे वरचं टोक मागे झुकत नाही आणि पाया फुगत नाही. २४ मिलिमीटरची वाइड लेन्स इथे घरी ठेवा. लांब उभं राहा, उंच उभं राहा, लांब लेन्स लावा. एकच भट्टी चांगली टिपण्यापेक्षा एकाच अंतरावरून चार टाक्या टिपा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एका आजीच्या नाती ओळीत उभ्या केल्यावर नाक कुणाचं आणि हनुवटी कुणाची ते दिसायला लागतं, तसं होतं. शनिवार-रविवारी रात्री तिथे रंगीत दिवे लावतात. त्यासाठी थांबू नका.

एसेनची त्सोलफेराइन ही जुनी कोळशाची खाण, ट्राम १०७. २००१ पासून युनेस्कोच्या यादीत, भव्य, चकाचक, गर्दी. एकदा बघा. ट्रायपॉड लावून किंवा व्यवसायासाठी फोटो काढायचे असतील तर आधी परवानगीचं विचारा.

ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीबाहेरही आम्ही गेलो. १९७६ पासून वीस वर्षं बर्न्ड तिथे फोटोग्राफीचा प्राध्यापक होता. कान्डिडा ह्योफर, टोमास श्ट्रूट, टोमास रुफ, आक्सेल ह्युटे, आंड्रेआस गुर्स्की हे पुढे नावाजलेले फोटोग्राफर सगळे त्याच वर्गातले. गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. नेमणूक मात्र फक्त बर्न्डची होती. फोटोग्राफीचं शिक्षण झालेली हिला, त्याच अकादमीत फोटोची डार्करूम उभी करणारी हिला, शिकवायची त्याच्या बरोबरीने, पण कागदावर नाही. कुठल्याही प्रदर्शनात पाटीवर 'बर्न्ड बेशर' एवढंच दिसलं तर काउंटरवर जाऊन सांगा. आम्ही एके ठिकाणी सांगितलं, तिथल्या बाईंनी लिहून घेतलं. अकादमी बाहेरून बघण्यासारखी काही नाही, पाच मिनिटं पुरतात, आणि तिथून डुइसबुर्गकडे जायला यू७९ ही शहरी रेल्वे सोपी पडते.