तुम्ही विचारलंत म्हणून: कादंबरी सुरू कुठून होते?

‘नवी कादंबरी लिहायला घेताना सगळी गोष्ट आधीच ठरलेली असते का हो?’ दांडिया बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि विचारणारा उत्तराला थांबतोच असं नाही. तुम्ही थांबलात, तर सांगते.

गोष्ट ठरलेली नसते. माणूस पोटासाठी काय करतो, ते मात्र ठरलेलं लागतं. सकाळी अकरा वाजता त्याचे हात कशात गुंतलेले असतात हे कळेपर्यंत मला पहिला परिच्छेद लिहिता येत नाही. प्रेम, कर्ज, भाऊबंदकी मागून येते, आणि येतेच.

बडोद्यात विषय सुचवणारे भरपूर. सगळ्यांचे लाडके मल्हारराव गायकवाड, बडोद्याचे महाराज. ९ नोव्हेंबर १८७४ला इंग्रज सरकारचे रेसिडेंट (दरबारातले प्रतिनिधी) कर्नल फेर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप, चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांचं कमिशन, त्यांची मतं दुभंगलेली, आणि तरीही १८७५त मल्हारराव गादीवरून दूर. इतकी तयार गोष्ट असताना लिहीत का नाही, म्हणतात. तयार आहे म्हणूनच! लिहिलीच तर सरबत करणाऱ्यापासून सुरू करीन. पपनसाची साल जाड, पाकळीवरचा पापुद्रा सोलायचा म्हणजे वेळ जातो. तेवढ्या वेळात तो मनात काय घोळवत असेल, यात मला रस.

सध्या ज्याच्या मागे लागले आहे तो पेट्या वाहतो. सयाजीरावांनी १९१०त विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, हे कुठलाही बडोदेकर छाती फुगवून सांगेल. त्या जाळ्यात फिरती वाचनालयंही होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, गावी पाठवायची, वाचून झाली की पेटी परत. महाराजांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला तो पेटी उचलणारा हवा. त्याला स्वतःला वाचता येतं की नाही, हे मी मुद्दामच ठरवलेलं नाही.

त्याचं काम समजावं म्हणून घरातल्या जुन्या ट्रंकेत दिवाळी अंक ठासून भरले आणि उचलायला गेले. जागची हलेना. म्हणजे पलीकडची कडी धरायला दुसरा माणूस आला. दुसरा आला की बोलणं आलं, एक मराठी आणि एक गुजराती. मग पेटी खाली कोण आधी ठेवणार, विडीचे पैसे कोण देणार, आणि रुसवेफुगवे. मी ठरवलं असतं तर हा दुसरा कधीच आला नसता, आणि आता तोच कादंबरी खाऊन टाकेल की काय अशी धास्ती आहे.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. ती वापरायचा केवढा मोह! पण माझी गोष्ट १९१२ची आणि ती इमारत नंतरची. काच गेली.

खरा त्रास वेगळाच असतो, आणि तो कुणी विचारत नाही. आधीच्या कादंबरीतली निवेदक, एक निवृत्त शिक्षिका, अजून कानात बोलत असते. तिची लांबलचक, टोमणे मारणारी वाक्यं या हमालाच्या तोंडी येतात. पानं वाचताना मला वाटतं, छान जमलंय. दुसऱ्या दिवशी कळतं, हा माणूस मास्तरीणबाईंसारखा बोलतोय. यावर माझा उपाय एकच: त्याला कामाशिवाय दुसऱ्या कशाबद्दलही बोलू द्यायचं नाही. दोरी, कडी, कुलूप, पावती. बाईंना दोरीच्या गाठीतलं काही कळत नाही, त्यामुळे हळूहळू त्या गप्प होतात. किती दिवसांनी, ते त्यांच्या मर्जीवर.

आज दोघं गोयागेट स्टेशनावर आहेत. डभोईकडे जाणारी छोटी गाडी लागली आहे आणि पेटी आपल्याच डब्यात चढवायची की गार्डाच्या ताब्यात द्यायची यावरून जुंपली आहे. तुमच्या घरात कुणी पणजोबा त्या गाडीवर गार्ड होते का? आता विचारायची पाळी माझी.