अर्जातला शेवटचा रकाना

ऑस्ट्रेलियातल्या पेरिशर या स्कीच्या गावी, एका क्लबच्या लॉजवर मी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा बर्फाचा पत्ता नव्हता. एप्रिल महिना होता, म्हणजे इथला शरद ऋतू, आणि माझ्या हातात होती घासणी. स्वयंपाकघरातले वरचे कप्पे रिकामे करायचे, पुसायचे, ताटल्या मोजून परत लावायच्या, हे काम माझ्या वाट्याला आलं होतं. नवरा शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होता. भोवती आणखी पंधराएक माणसं खिडक्या रंगवत, लाकडं रचत, गाद्यांना ऊन देत फिरत होती. ती सगळी क्लबची सभासद. आम्ही दोघं अजून नव्हतो, व्हायला आलो होतो.

सिडनीतली आपली मराठी मंडळी बर्फ बघायला जातात ती बहुतेक एका रात्रीसाठी. भाड्याचे बूट, भाड्याची जाकिटं, मुलांना घसरगाडीवर बसवून फोटो, आणि परतीचा लांबलचक रस्ता. आम्हीही लेक लहान असताना दोनदा तसेच गेलो. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मागच्या हिवाळ्यात त्याच्या क्लबच्या लॉजवर पाहुणे म्हणून नेलं. त्या दोन रात्री डोक्यातून जाईनात. डोंगरावरच्या हॉटेलात राहणं आम्हाला परवडणारं नव्हतंच, पण ओढ त्या हिशेबाची नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर एक सर्जन आणि एक इलेक्ट्रिशियन शेजारी उभे राहून सगळ्यांची भांडी घासत होते आणि त्यांच्या गप्पा संपत नव्हत्या. असं घर मला हवं होतं.

सभासद होण्याची रीत सरळ आहे, पण घाईची नाही. दोन जुन्या सभासदांनी नाव सुचवायचं, समितीनं अर्ज बघायचा, एकरकमी प्रवेशशुल्क आणि मग दरवर्षी वर्गणी. पहिलं वर्ष तात्पुरतं सभासदत्व. त्या वर्षात निदान एका तरी कामाच्या शनिवार-रविवारी हजेरी लावायची. राहण्याचं रात्रीचं भाडं वेगळं, पण ते बाहेरच्या दरांच्या मानानं फारच कमी. जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत खाटा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून तेव्हा चिठ्ठ्या टाकतात.

अर्जात शेवटचा रकाना होता: तुम्हाला कोणतं काम येतं? पुढे उदाहरणादाखल सुतारकाम, नळकाम, हिशेब, रंगकाम असं छापलेलं. कुठे नोकरी करता हे त्याच्या बरंच वर, एका ओळीत विचारून संपलं होतं. नवऱ्यानं ‘वायरिंग थोडंफार, शिडीची भीती नाही’ असं लिहिलं. मी लिहिलं, ‘शिवण, आणि तीस माणसांचा स्वयंपाक.’ एप्रिलमध्ये कप्पे पुसून झाल्यावर माझ्यापुढे उसवलेले अकरा पडदे आले तेव्हा कळलं की तो रकाना कुणीतरी नीट वाचला होता.

हे क्लब इथे का झाले, त्याला इतिहास आहे. या पर्वतात स्की आले ते सोन्याच्या मागे. उत्तरेकडच्या कियांड्रा या खाणवस्तीत १८६१च्या हिवाळ्यात नॉर्वेच्या खाणकामगारांनी फळ्या पायाला बांधून उतारांवरून घसरायला सुरुवात केली. पण साध्या पगारदार माणसाला डोंगरावर रात्र काढायला जागा मिळू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मित्रमंडळींनी क्लब काढले, जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि सुट्टीच्या दिवसांत स्वतः विटा-लाकडं वाहून लॉज उभारले. जमीन आजही कोझियस्को राष्ट्रीय उद्यानाची आहे. क्लबांची आहे ती इमारत आणि तिची देखभाल. कॉलेजात असताना आमच्या गटानं राजमाचीच्या एका टाक्यातला गाळ दोन दिवस उपसला होता. पाणी वर आलं तेव्हा ते टाकं आपलंच वाटलं होतं, सातबारा कुणाच्या का नावावर असेना. पडदे शिवताना मला त्या टाक्याची आठवण येत होती.

खरी राहायची पाळी आली जुलैअखेर, शाळा पुन्हा सुरू झाल्यावर. रविवार ते शुक्रवार. सिडनीहून कॅनबेरा, मग कूमा, मग जिंदाबाइन, साडेचारशे किलोमीटरहून जरा जास्त. कूमानंतर झाडं विरळ होत जातात, पिवळं गवत आणि मोठमोठे गोल दगड, आणि मग एकदम समोर तळं येतं.

जिंदाबाइनला मी नेहमीच थोडी गप्प होते. आजचं गाव नवं आहे. जुनं जिंदाबाइन तळ्याखाली आहे. स्नोई नदीचं पाणी वळवून वीज करण्याची योजना १९४९ ते १९७४ अशी पंचवीस वर्षं चालली, तीसहून अधिक देशांतली लाखभर माणसं तिच्यावर राबली, आणि तिच्यात साठच्या दशकात हे गाव उठलं. पाणी फार उतरलं की जुने अवशेष दिसतात म्हणे. माझ्या आजोबांचं गाव त्याच दशकात कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजी म्हणायची, उन्हाळ्यात देवळाचा चौथरा वर येतो, तेव्हा बायका होडीतून ओटी भरायला जातात. नवऱ्यानं काठावर गाडी थांबवली. मी पाण्याकडे बघून नमस्कार केला आणि आम्ही किराणा घ्यायला गेलो.

किराणा आठवड्याचा एकदम घ्यावा लागतो, कारण वर गेलं की पुन्हा उतरणं सोपं नाही. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, पिशव्या नकोत, हा सल्ला मी सगळ्यांना देईन. पिशवी बर्फात टेकली की खालून ओली होऊन फाटते. चादरी, अभ्रे, टॉवेल आपलेच न्यायचे. कणीक, पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, गूळ. गोडा मसाला मी कपड्यांच्या पिशवीत लपेटून ठेवला होता.

गाडी बुलॉक्स फ्लॅटला सोडायची आणि तिथून स्कीट्यूब पकडायची. ही रेल्वे १९८७मध्ये सुरू झाली. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, उटीच्या गाडीला चढावर असते तशी, आणि गाडी तिच्यात दाते अडकवत डोंगराच्या पोटातून चढते. बाहेर काळोख, कानात दडे. पंधराएक मिनिटांनी पेरिशर. उंची १,७२० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जास्त, आणि हे इथलं गावठाण! स्टेशनातून बाहेर आलो तर रस्ताच नव्हता. होतं ते सगळं पांढरं. रुंद पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाडीत डबे, स्की आणि आम्ही दोघं बसलो आणि लॉजच्या दारापर्यंत गेलो. एप्रिलमध्ये मी ज्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायले होते त्या गाडल्या गेल्या होत्या.

आत शिरताच बुटांची खोली. तिथून पुढे कुणीही बूट घालून जात नाही, आपल्या घरासारखंच. मग वाळवणीची खोली, तिथे गरम वारा सोडलेला असतो आणि ओले हातमोजे, मोजे, जाकिटं रात्रभर लटकतात. त्या खोलीला ओल्या लोकरीचा एक वास आहे. फ्रिजमध्ये प्रत्येक खोलीचा एक खण. आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी फळा, त्यावर आठवड्याची कामं: न्हाणीघरं, शेकोटीची राख, कचरा, दिवाणखाना, दाराबाहेरचा बर्फ. आलं की आपल्या नावापुढे आपणच काम लिहायचं. मी न्हाणीघरं घेतली. सकाळी अर्ध्या तासाचं काम, आणि ते झालं की दिवस आपला.

स्की शिकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्रंट व्हॅलीच्या हलक्या उतारावर दोन दिवस शिकवणी लावली, टोकं जुळवून वेग कसा आवरायचा ते जमलं. तिसऱ्या दिवशी तारेवरच्या पाळण्यानं वर जाऊन खालपर्यंत न पडता आले. इथले सगळे पाळणे आणि बाराशेहून जास्त हेक्टरचा पसारा बघायला मला आणखी दहा हिवाळे लागतील. माझं मन रमलं ते स्नो गम या निलगिरीच्या जातीत. वाऱ्यानं पिळवटलेली खोडं, आणि ओल्या सालीवर हिरवे, तांबूस, पिवळसर पट्टे, नुकतेच ओढल्यासारखे. ही झाडं पान गाळत नाहीत, बर्फाच्या भारानं फांद्या वाकवून उभी राहतात.

बुधवारी ३० जुलै होता. संध्याकाळी मी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली होती, कारण त्या दिवशी सगळे एकत्र जेवायचं ठरलं होतं. जेवणाआधी लॉजमधले सगळ्यांत वयस्कर सभासद उठले. ऐंशी पार केलेले आहेत, तरुणपणी याच इमारतीसाठी सिमेंटची पोती त्यांनी पाठीवरून आणली. ते म्हणाले, ‘आज थ्रेडबोचा दिवस.’ आणि सगळे उभे राहिले.

थ्रेडबो म्हणजे डोंगराच्या पलीकडचं स्कीचं गाव. १९९७मध्ये ३० जुलैच्या रात्री तिथला उतार घसरला आणि दोन लॉज गाडले गेले. त्यांतला एक असाच क्लबचा होता. अठरा माणसं गेली. स्टुअर्ट डायव्हर हा एकटा माणूस दोन दिवसांहून जास्त काळ ढिगाऱ्याखाली राहून जिवंत निघाला. पुढच्या चौकशीत ठपका आला तो उतारावरच्या रस्त्याच्या भरावावर आणि त्यात मुरलेल्या गळक्या नळाच्या पाण्यावर.

मी मात्र दुसऱ्याच डोंगरापाशी पोचले होते. ३० जुलै २०१४ची सकाळ, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. तेव्हा मी सिडनीत फोनवर बातम्या बघत होते आणि गाव कुठे होतं तेच चित्रात सापडत नव्हतं. मिनिटभरानं सगळे बसले तेव्हा मी उभीच होते. त्या वयस्कर आजोबांनी विचारलं, ‘कुणी ओळखीचं होतं का तुमचं?’ मी म्हटलं, ‘थ्रेडबोत नाही,’ आणि माळीणचं सांगितलं. तारीख तीच, आणि तिथे पाऊस कित्येक दिवसांचा चाललेला. कुणी मध्ये बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, त्या गावाचं नाव पुन्हा सांगा, आणि ‘माळीण’ हा शब्द दोनदा म्हणून बघितला. पुढच्या वर्षी तेही नाव घेऊ, असं म्हणाले. खिचडी पातेल्याला जरा लागली होती. सगळ्यांनी वाढून घेतली, वर तूप मागून घेतलं.

त्यानंतर रात्री ते मला तळघरात घेऊन गेले आणि पाण्याची मुख्य तोटी दाखवली. लॉजवर येणाऱ्या प्रत्येक नव्या सभासदाला ती ते स्वतः दाखवतात. नळ कुठून येतो, कुठे वळतो, बंद कसा करायचा, जमीन ओली दिसली तर कुणाला कळवायचं. तोटी माझ्याकडून दोनदा बंद-चालू करून घेतली. आग लागली तर बाहेर कुठे जमायचं हे आल्याआल्याच सांगितलं होतं, पण या तोटीपाशी त्यांचा आवाज वेगळा होता.

शुक्रवारी सकाळी निघायचं होतं. खोली झाडली, गादीवरचं आवरण बदललं, फ्रिजचा खण पुसला. उरलेले पोहे आणि गूळ सामाईक कपाटात ठेवले, डब्यावर इंग्रजीत नाव आणि करायची कृती चिकटवून. दाराशी एक वही असते, जाणाऱ्यानं तिच्यात मोडलेलं-तुटलेलं लिहायचं. नवऱ्यानं लिहिलं, ‘वाळवणीच्या खोलीच्या दाराची खालची बिजागरी सैल आहे.’ आजोबा चष्मा लावून खांद्यावरून वाचत होते.

‘बरं झालं बघितलंत,’ ते म्हणाले. ‘एप्रिलला येताना पाच सेंटिमीटरचे स्क्रू घेऊन या. इथले संपलेत.’

नवऱ्यानं ते फोनमध्ये लिहून घेतलं. बाहेर बर्फगाडीचा भोंगा वाजला.