हेन्रिएटा लेव्हिटचे सोळा तारे

मी तीस वर्षं लेखापरीक्षणाचं काम केलं. आकड्यांचे रकाने वाचता वाचता एखाद्या ठिकाणी नजर अडकते. का अडकली, ते बऱ्याचदा नंतर कळतं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटच्या १९०८ सालच्या निबंधात मला तसंच एक वाक्य सापडलं.

अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाच्या छायाचित्रांच्या काचा तपासायला बायका असत. त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. तासाला साधारण २५ सेंट मिळायचे. लेव्हिटला ३० मिळाले. दुर्बिणीवर काम करायचं पुरुषांनी. पेरूमधल्या अरेकिपाहून काचा यायच्या. एका रात्रीच्या काचेवर दुसऱ्या रात्रीची काच ठेवायची आणि कुठला ठिपका लहानमोठा झाला ते भिंगातून शोधायचं. मॅगेलनचे दोन मेघ म्हणजे दक्षिण आकाशात ढगांसारखे दिसणारे ताऱ्यांचे दोन प्रचंड समूह. त्यांच्यामध्ये तिने असे १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे शोधले.

त्यांतल्या फक्त सोळा ताऱ्यांचे आवर्तनकाल, म्हणजे एकदा उजळून मंदावून पुन्हा उजळायला लागणारा वेळ, तेव्हा तिला काढता आले होते. त्या छोट्या तक्त्याखाली तिने लिहिलं की जे तारे जास्त तेजस्वी आहेत त्यांचे आवर्तनकालही मोठे आहेत, हे लक्षात घेण्याजोगं आहे. बस, एवढंच! सोळा नोंदींवरून याहून जास्त बोलू नये, हे तिला कळत होतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच सांगत आले.

१९१२ मध्ये ताऱ्यांची संख्या २५ झाली. सर्वांत झटपट तारा सव्वा दिवसात उजळून मंदावणारा, सर्वांत संथ १२७ दिवसांचा. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरचे. त्यामुळे जो उजळ दिसतो तो खरोखरच उजळ. मग कुठेही असा तारा दिसला की आवर्तनकाल मोजायचा, त्यावरून खरं तेज काढायचं, आणि तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर. विश्व मोजायची फूटपट्टीच ती! हे ज्यात छापलं त्या वेधशाळेच्या परिपत्रकावर सही मात्र तिथले संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिटने तयार केला, हे पहिल्याच वाक्यात त्यांनी नोंदवलं आहे.

तिला ऐकायला कमी येत असे, म्हणून तिची एकाग्रता वाढली, असं कोणी लिहिलं की मला राग येतो. मला श्रवणयंत्र लागतं. ऐकू न आल्याने माणूस थकतो. तिची एकाग्रता तिने कमावलेली होती.

१२ डिसेंबर १९२१ रोजी, ५३व्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची यादी झाली, त्यात गालिचे, पलंग, टेबलं: एकूण ३१४ डॉलर ९१ सेंट. ऑक्टोबर १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानीतला एक ठिपका असाच रूपविकारी असल्याचं ओळखलं, आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे तिच्याच नियमाने ठरलं. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिट्टाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी तिचं नाव सुचवण्याच्या विचाराने तिलाच पत्र लिहिलं. ती नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी मी तो २५ ताऱ्यांचा तक्ता वहीत उतरवला. आवर्तनकालांचे लॉगॅरिदम काढले, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एकेक ठिपका दिला. अकराव्या-बाराव्या ठिपक्यालाच पट्टी हातात घ्यावीशी वाटली. घेतली नाही. पंचवीसही दिले, मग रेघ मारली.